तुरुंगातल्या आजारपणाची वही कोणाकडे?

अमेरिकेतल्या वैद्यकीय बिलांच्या धंद्यात नकाराची कारणे आकड्यांनी ओळखली जातात. २९ म्हणजे दावा मुदतीत आला नाही, १९७ म्हणजे पूर्वपरवानगी घेतलेली नव्हती, १०९ म्हणजे चुकीच्या दारात आलात, पैसे दुसऱ्या कोणाकडे मागा. हिंजवडीतल्या एका बिलिंग कंपनीत मी काही वर्षे रात्रपाळी केली, तेव्हा हे आकडे पाढ्यांसारखे पाठ झाले होते. २५८ मात्र क्वचित दिसे. त्याचा अर्थ असा, की उपचार झाले तेव्हा रुग्ण कोठडीत किंवा तुरुंगात होता, त्यामुळे हा विमा पैसे देणार नाही. संबंधित केंद्रीय, राज्य वा स्थानिक यंत्रणा देऊ शकेल. ‘देऊ शकेल’, एवढेच. ती यंत्रणा नेमकी कोणती, तिचा पत्ता काय आणि तिच्याकडे दावा कोणत्या स्वरूपात पाठवायचा, हे तो आकडा सांगत नाही. म्हणून २५८ लागलेली खाती आमच्याकडे हमखास नव्या मुलांच्या गळ्यात पडत. जुन्या लोकांना त्यांत किती रात्री जातात हे ठाऊक होते.

त्यातले एक खाते अजून आठवते. मध्यपश्चिमेकडच्या एका लहान रुग्णालयाचे ते होते. छातीत दुखू लागलेल्या एका कैद्याला शेरीफच्या, म्हणजे कारागृह सांभाळणाऱ्या जिल्हा पोलीसप्रमुखाच्या, माणसांनी आणीबाणी विभागात आणले आणि तो तिथे तीन रात्री दाखल राहिला. वय पासष्टीच्या पुढचे, म्हणून दावा आधी मेडिकेअरकडे, म्हणजे वृद्धांसाठीच्या केंद्र सरकारच्या विम्याकडे, गेला आणि २५८ घेऊन परत आला. शेरीफच्या कचेरीत फोन केला, तर तिथल्या बाईंनी सांगितले की कारागृहाचे वैद्यकीय काम एका कंपनीला दिलेले आहे, तिच्याशी बोला. कंपनीचा माणूस म्हणाला, की दुसऱ्या दिवशी न्यायाधीशाच्या आदेशाने रुग्णाची पलंगावरच सुटका झाली होती, तेव्हा पुढचे दोन दिवस आमचे नाहीत, आणि पहिल्या दिवसाची परवानगी आमच्या नोंदीत सापडत नाही. सुटकेच्या आदेशाची प्रत मागितली, तर ती शेरीफकडे लेखी अर्ज केल्यावरच मिळेल. इकडे मेडिकेअरच्या संगणकात तो माणूस अजून आतच होता. सात आठवडे हा फेरा चालला आणि अखेर रुग्णालयाने ती रक्कम बुडीत खाती टाकली. प्रत्येक दारात मिळालेले उत्तर आपापल्या परीने बरोबर होते, हे मला त्या वेळी सर्वांत विचित्र वाटले.

पलंगावरच्या त्या सुटकेत दया किती आणि हिशेब किती, हे मला पुढे कळले. कैदी गंभीर आजारी पडला की त्याला रुग्णालयात नेण्यापूर्वी किंवा नेल्याबरोबर जामिनावर मोकळे करायचे, म्हणजे बिल जिल्ह्याच्या तिजोरीवर येत नाही, असा प्रकार अलाबामातल्या काही शेरीफांच्या बाबतीत २०१९ मध्ये पत्रकारांनी उजेडात आणला होता. त्यातले काही लोक बरे झाल्यावर पुन्हा पकडून आत टाकले गेले. ‘कोठडीत आहे’ या दोन शब्दांच्या नोंदीवर असे लाखोंचे व्यवहार फिरतात, आणि ती नोंद ज्याच्या हातात, त्याच्याच खिशाला तिची झळ बसते.

तुरुंगांच्या आरोग्यसेवेतले दावे आणि बिले आधुनिक करावीत, कागद, फॅक्स आणि हाताने भरायच्या तक्त्यांऐवजी सगळे संगणकीय साखळीत आणावे, अशी मागणी आता अमेरिकेत कंत्राटदार, सॉफ्टवेअर कंपन्या आणि सरकारी खाती एका सुरात करतात. मागणी रास्त आहे. ज्याने या कामाच्या रात्री काढल्या आहेत तो तिला विरोध करू शकणार नाही. पण त्या चर्चेत वेगावर जेवढे बोलले जाते, तेवढे मालकीवर बोलले जात नाही. दावा किती दिवसांत निकाली निघाला, हा प्रश्न दुसरा. तो दावा, त्यामागची परवानगी आणि त्याचा नकार ही नोंद कोणाच्या मालकीची, हा पहिला. माझ्या मते ही वही सरकारची असली पाहिजे, कंत्राटदाराने फक्त तीत लिहावे; आणि हे ठरण्याआधी केलेले आधुनिकीकरण म्हणजे जुन्याच अन्यायाला नवी मोटार देणे होय.

या व्यवस्थेची बैठक नीट समजून घेतली पाहिजे, कारण ती आपल्या ओळखीच्या विम्यासारखी नाही. आपल्याकडे आर्थर रोडचा कैदी जे. जे. रुग्णालयात किंवा येरवड्याचा कैदी ससूनमध्ये नेला जातो तेव्हा अडते ते पोलीस गार्ड मिळण्यावर. बिलाचा प्रश्न फारसा येत नाही, कारण रुग्णालयही सरकारचे आणि तुरुंगही सरकारचा. अमेरिकेत तसे नाही. १९६५ मध्ये मेडिकेड ही गरिबांसाठीची योजना जन्मली, तेव्हाच सार्वजनिक संस्थेतल्या कैद्यांवरच्या खर्चाला केंद्राचा पैसा मिळणार नाही असे कायद्यात लिहिले गेले. बाहेरच्या रुग्णालयात आंतररुग्ण म्हणून दाखल झालेला कैदी हा तेवढाच अपवाद; मुक्काम निदान चोवीस तासांचा हवा ही त्याची अट केंद्र सरकारने १९९७ मध्ये स्पष्ट केली, आणि २०१४ मध्ये मेडिकेडचा विस्तार झाल्यावर तिला खरा अर्थ आला. बाकी सगळा खर्च राज्याचा किंवा जिल्ह्याचा. २०१५ च्या आर्थिक वर्षात राज्यांच्या तुरुंगखात्यांनी आरोग्यसेवेवर मिळून सुमारे ८१० कोटी डॉलर खर्च केले होते, आणि त्यात जिल्ह्यांच्या कारागृहांचा खर्च धरलेला नाही.

दुसरीकडे, उपचार देणे हे बंधन आहे. टेक्सासच्या तुरुंगात १९७३ च्या नोव्हेंबरात जे. डब्ल्यू. गॅम्बल या कैद्याच्या अंगावर सहाशे पौंडांची कापसाची गासडी पडली. पाठीचे दुखणे घेऊन त्याने केलेला दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९७६ मध्ये न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी निकालपत्रात लिहिले की कैद्याच्या गंभीर वैद्यकीय गरजेकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणे हे राज्यघटनेने निषिद्ध ठरवलेल्या क्रूर शिक्षेत मोडते. तत्त्व जिंकले, डॉक्टरांविरुद्धचा गॅम्बलचा स्वतःचा दावा मात्र त्याच निकालात हरला, कारण त्याला अनेकदा तपासले गेले होते. म्हणजे ज्याच्या नावाने हा हक्क पन्नास वर्षे ओळखला जातो त्याच्या पदरात काही पडले नाही, आणि ‘तपासल्याची नोंद आहे’ हे उत्तर पहिल्याच दिवसापासून चालत आले आहे.

बंधन राज्याचे आणि पैसाही राज्याचाच, अशा कोंडीतून कंत्राटदार आले. कोरायझन, वेक्सफर्ड, सेंच्युरियन, नॅफकेअर, वेलपाथ ही त्यांतली ठळक नावे. करार बहुधा असा असतो, की दर कैद्यामागे दर दिवसाला ठरीव रक्कम घ्यावी आणि तीत सगळे सांभाळावे; काही करारांत बाहेरच्या उपचारांच्या खर्चाला वार्षिक मर्यादा घालून वरचा भार सरकारने उचलायचा असतो. त्यामुळे तीन भूमिका एकाच घरात नांदतात. परिचारिका नेमणारा तोच, बाहेरच्या तज्ज्ञाकडे पाठवायचे की नाही हे ठरवणारा तोच आणि पाठवल्यास त्या तज्ज्ञाचे बिल भरणाराही तोच. एरवी विमा कंपनी आणि रुग्णालय यांच्यात जो झगडा असतो, तो कितीही कटकटीचा असला तरी त्यात दोन वह्या असतात आणि एकीवरून दुसरी तपासता येते. इथे भिंतीच्या आत एकच वही आहे.

भिंतीच्या आत मुळात दावाच तयार होत नाही, हे बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. परिचारिकेने रक्तदाब मोजला, इन्सुलिन दिले, दात दुखतो म्हणून आलेला अर्ज तीन आठवडे पेटीत पडून राहिला, यांतल्या कशाचेही बिल फाडले जात नाही, कारण ठरीव रकमेत सगळे आले. अमेरिकन बिलांवर उपचाराची जागा दर्शवणारा दोन अंकी रकाना असतो आणि तुरुंगासाठी ०९ हा आकडा राखून ठेवलेला आहे. माझ्या सगळ्या नोकरीत तो लिहिलेले बिल मी दोनदा पाहिले असेल. अमेरिकेच्या आरोग्यव्यवस्थेबद्दल जे काही संशोधन होते, कोणत्या वयात कोणता आजार, कोणत्या औषधाने किती फरक, त्यातले बरेचसे दाव्यांच्या साठ्यावर उभे असते. ज्या ठिकाणी दावा नाही ते ठिकाण त्या आरशात दिसत नाही. म्हणून तुरुंगांबद्दल कळते ते मृत्यूंवरून. रॉयटर्सने २०२० मध्ये मोठ्या कारागृहांचे मृत्यू मोजले तेव्हा आढळले, की २०१६ ते २०१८ या काळात पाच आघाडीच्या कंपन्यांकडे सोपवलेल्या कारागृहांत मृत्यूचे प्रमाण सरकारने स्वतः आरोग्यसेवा चालवलेल्या कारागृहांपेक्षा कंपनीनिहाय १८ ते ५८ टक्के जास्त होते. हे मोजण्यासाठी वार्ताहरांना शेकडो कारागृहांकडे माहितीचे अर्ज करावे लागले.

म्हणून आधुनिकीकरणाची पहिली पायरी बिलाची नव्हे तर भेटीची नोंद ही असायला हवी. मेडिकेडचे काम करणाऱ्या खासगी विमा संस्थांनाही ठरीव रक्कमच मिळते, तरी प्रत्येक भेटीची नोंद दाव्याच्याच साच्यात सरकारला पाठवावी लागते, पैसे मिळणार नसले तरी. ही पद्धत जुनी आहे, साचे ठरलेले आहेत, त्यासाठी नवा शोध लावायचा नाही. तीच अट तुरुंगांच्या करारात घातली, तर परिचारिकेकडे आलेला अर्ज आणि त्यावर झालेली भेट यांतले अंतर कोणालाही मोजता येईल. कंत्राटदार म्हणतात की यामुळे कारकुनी वाढेल. वाढेल, यात शंका नाही. पण इलेक्ट्रॉनिक रुग्णनोंदी आता बऱ्याच ठिकाणी आहेत. त्यांतून साचेबद्ध उतारा काढणे हे काम परिचारिकेचे नाही, सॉफ्टवेअरचे आहे.

बाहेरच्या उपचारांत मात्र दावा असतो, आणि तिथे दिरंगाईचा थेट परिणाम रुग्णावर होतो. कॅलिफोर्नियाचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. तिथल्या तुरुंगांत टाळता येण्याजोग्या कारणांनी दर सहा-सात दिवसांनी एक कैदी दगावतो, असे न्यायाधीश थेल्टन हेंडरसन यांनी २००५ मध्ये नमूद केले आणि पुढच्या वर्षी सगळी वैद्यकीय व्यवस्था न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरच्या, म्हणजे प्रशासकाच्या, हाती दिली. रिसीव्हर यायच्या थोडेच आधी, मार्च २००६ मध्ये, हेंडरसन यांना एक अगदी साधा वाटणारा आदेश काढावा लागला होता: बाहेरच्या डॉक्टरांची आणि रुग्णालयांची थकलेली, मंजूर झालेली बिले चुकती करा. बिले थकल्यामुळे तज्ज्ञ डॉक्टर तुरुंगाचे रुग्ण घ्यायला नकार देत होते. लक्षात घ्या, तिथे त्या वेळी खासगी कंत्राटदार नव्हता. खुद्द सरकारच बिलांच्या ढिगाऱ्याखाली दबले होते. तेव्हा खासगीकरण हेच एकमेव दुखणे, असे मी म्हणणार नाही. हृदयरोगतज्ज्ञाच्या स्वागतकक्षात बसलेल्या कर्मचाऱ्याला घटना, कैदी, दुर्लक्ष यांतले काही ठाऊक नसते. त्याला एवढेच ठाऊक असते की या पत्त्यावरून आलेल्या मागच्या चार रुग्णांचे पैसे आलेले नाहीत, आणि पुढची वेळ तो तीन महिन्यांनंतरची देतो.

पैसे किती द्यायचे यावरूनही असेच होते. आयडाहोत सेंट अल्फॉन्सस या रुग्णालयसमूहाने कोरायझनला न्यायालयात खेचले, वाद होता करारातला दर द्यायचा की मेडिकेडचा कमी दर. कोणता दर कोणत्या कायद्याने लागू होतो हे वकिलांनी ठरवावे. पण असा फरक वर्षानुवर्षे साचत राहतो आणि मग एकदम न्यायालयात फुटतो, याचा अर्थ दाव्यागणिक दिलेली रक्कम आणि देय रक्कम शेजारी शेजारी दाखवणारी सामाईक नोंद दोन्ही पक्षांसमोर नव्हती किंवा तिला कोणी मानत नव्हते. सर्वसाधारण विमा कंपन्यांना बहुतेक राज्यांत वेळेत पैसे देण्याचा कायदा लागू असतो, उशीर झाला तर व्याज बसते. तुरुंगाचा कंत्राटदार देणेकऱ्याचे सगळे काम करतो, पण विमा कंपनी म्हणून नोंदलेला नसला की या कायद्यांच्या कक्षेबाहेर राहू शकतो. ही फट एका कलमाने बुजवता येते, आणि कोणत्याही संगणकप्रणालीपेक्षा त्या एका कलमाचा उपयोग अधिक होईल असे मला अनुभवावरून वाटते. व्याज लागायला लागले की फॅक्स आपोआप सापडतात.

वही कंत्राटदाराच्या कपाटात ठेवण्याचा खरा धोका मात्र कंत्राटदार बुडतो तेव्हा कळतो. कोरायझनने २०२२ मध्ये आपली कंपनी-नोंदणी टेक्सासमध्ये हलवली आणि तिथल्या कायद्याचा आधार घेऊन स्वतःचे दोन तुकडे केले. चालू करार आणि उत्पन्न एका तुकड्याकडे गेले, तो येसकेअर या नावाने धंदा करू लागला. जुनी देणी आणि खटले दुसऱ्याकडे राहिले. त्या दुसऱ्या तुकड्याने, टेहम केअर सर्व्हिसेस या नावाने, फेब्रुवारी २०२३ मध्ये ह्यूस्टनच्या न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला. वकिली भाषेत या खेळीला ‘टेक्सास टू-स्टेप’ म्हणतात. रांगेत उभे राहिले ते दोन प्रकारचे लोक: उपचारांअभावी अपंग झालेले कैदी किंवा मेलेल्यांचे वारस, आणि ज्यांनी कैद्यांवर उपचार करून पैसे मिळाले नव्हते ती रुग्णालये, ज्यांत मिसुरीतली रुग्णालयेही होती. दोन वर्षांच्या ओढाताणीनंतर २०२५ च्या मार्चमध्ये तडजोडीच्या योजनेवर शिक्का बसला. दरम्यान नोव्हेंबर २०२४ मध्ये वेलपाथ ही याच धंद्यातली दुसरी बडी कंपनीही दिवाळखोरीत गेली आणि तिच्याविरुद्धचे देशभरचे खटले जागच्या जागी थांबले.

मला या प्रकरणात कैदी आणि रुग्णालय एकाच रांगेत दिसणे फार सूचक वाटते. एरवी या दोघांचा काही संबंध नसतो; एकाला उपचार नाकारला गेला, दुसऱ्याला मोबदला. पण दोघांच्याही कागदपत्रांचा मालक एकच होता आणि तो आता अस्तित्वात असूनही नव्हता. ज्या राज्यांनी कामाचे पैसे कंपनीला आधीच चुकते केले होते, त्यांच्या रुग्णालयांनी ते पैसे पुढे आले नाहीत म्हणून दिवाळखोरीच्या न्यायालयात अर्ज करावेत, ही सरळ सरळ दुहेरी लूट आहे. बांधकामाच्या ठेक्यात आपण सुरक्षा अनामत कापून ठेवतो, उपठेकेदाराचे पैसे चुकते झाल्याचा दाखला मागतो. रस्त्याच्या खडीला जी काळजी, ती माणसाच्या डायलिसिसला का नाही? बाहेरच्या उपचारांची रक्कम कंत्राटदाराच्या नफ्यातोट्यात मिसळू न देता स्वतंत्र विश्वस्त खात्यात ठेवावी, आणि दावा मंजूर झाला की त्या खात्यातून थेट रुग्णालयाला जावी. प्रक्रिया कंत्राटदाराने करावी हवी तर. पैसा आणि नोंद दोन्ही त्याची नसावीत.

आता यंत्राबद्दल. यंत्र आले की मानवी लहर जाते असे समजणाऱ्यांना २०१३ ची गोष्ट सांगावीशी वाटते. त्या वर्षाच्या जानेवारीत केंद्राच्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी अहवाल दिला, की २००९ ते २०११ या तीन वर्षांत मेडिकेअरने कैद्यांवरच्या उपचारांपोटी सुमारे ३ कोटी ३६ लाख डॉलर चुकीने दिले. लगेच वसुलीची मोहीम निघाली. सामाजिक सुरक्षा खात्याच्या नोंदींशी दावे आपोआप ताडून डॉक्टरांना आणि रुग्णालयांना परतफेडीच्या नोटिसा गेल्या, काहींची रक्कम पुढच्या देयकांतून कापलीही गेली. मग लक्षात आले की त्या नोंदी अपुऱ्या आणि जुन्या होत्या. उपचारांच्या वेळी कैदेत नसलेल्या माणसांचेही दावे जाळ्यात आले होते, आणि कापलेले पैसे परत करावे लागले. चूक संगणकाने हिशेब करण्यात केली नव्हती. ‘कोठडीत’ ही नोंद कोणी, कधी आणि कशावरून केली, हे विचारायची सोय त्या व्यवस्थेत नव्हती. पुढे मेडिकेअरने या शब्दाची व्याख्याच बदलली, आणि १ जानेवारी २०२५ पासून पॅरोलवर, प्रोबेशनवर, जामिनावर किंवा घरी स्थानबद्ध असलेला माणूस कोठडीत धरला जात नाही. एका व्याख्येच्या बदलाने कितीतरी लोकांचा विमा जागा झाला.

दुसरी धास्ती झटपट नकाराची. सिग्ना या विमा कंपनीच्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये दोन महिन्यांत तीन लाखांहून अधिक दावे सरासरी १.२ सेकंदांत नाकारल्याचे प्रोपब्लिकाने २०२३ मध्ये छापले, तेव्हा आमच्या व्यवसायात कोणाला धक्का बसला नाही. आम्ही दुसऱ्या टोकाला बसून ते नकार मोजतच होतो. पण सिग्नाचा ग्राहक निदान चिडू शकतो, नोकरी बदलताना कंपनी बदलू शकतो, खासदाराला पत्र लिहू शकतो. कैद्याला यातले काही नाही. त्याला तर बहुधा आपल्या नावाची परवानगी मागितली गेली आणि नाकारली गेली हेही कळत नाही. म्हणून तुरुंगाच्या कामात यंत्राने मंजुरी खुशाल द्यावी, नकार मात्र यंत्राने देऊ नये. नकारावर परवानाधारक डॉक्टरचे नाव, वेळ आणि कारण असावे आणि त्याची प्रत रुग्णाला मिळावी, हा नियम मी तडजोडीविना धरीन. यात काम मंदावेल ही तक्रार खरी आहे. पण कंत्राटदाराला नकारात नफा असतो अशा ठिकाणी थोडा मंदपणा हा दोष नाही.

फेब्रुवारी २०२४ मधली चेंज हेल्थकेअरची घटना इथे विसरता येत नाही. देशातल्या दाव्यांचा मोठा हिस्सा ज्या एका क्लिअरिंगहाउसमधून, म्हणजे रुग्णालये आणि विमा कंपन्या यांच्यात दावे पोहोचवणाऱ्या मधल्या संस्थेतून, जातो, त्याच्यावर खंडणीखोरांनी हल्ला केला आणि कित्येक आठवडे रुग्णालयांचे पैसे अडकले. मालक कंपनीने २ कोटी २० लाख डॉलरची खंडणी दिल्याचे तिच्या प्रमुखाने सिनेटसमोर कबूल केले. आमच्यासारख्या कंपन्यांत त्या दिवसांत काय चालले असेल याची कल्पना येते: पुन्हा कागदी फॉर्म, पुन्हा टपाल. साखळी आधुनिक करायची तर तिला दुसरी वाट हवी, एवढाच त्यातून घ्यायचा बोध.

ही चर्चा आता तातडीची झाली, याचे कारण मेडिकेडची ती १९६५ ची भिंत थोडी हलली आहे. जानेवारी २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाला पहिल्यांदा परवानगी मिळाली, की सुटकेच्या आधीच्या ९० दिवसांपर्यंत ठरावीक सेवा आणि औषधे मेडिकेडच्या पैशातून द्याव्यात. त्याच एप्रिलात केंद्राने सगळ्या राज्यांना मार्गदर्शक पत्र पाठवले आणि मग वॉशिंग्टन, मोंटाना अशी राज्ये मागोमाग आली. कॅलिफोर्नियात ऑक्टोबर २०२४ पासून सांता क्लारा, युबा आणि इन्यो या जिल्ह्यांनी सुरुवात केली. कैदेत गेलेल्याचे मेडिकेड रद्द न करता फक्त स्थगित ठेवावे, हेही १ जानेवारी २०२६ पासून देशभर बंधनकारक झाले आहे. म्हणजे ज्या कारागृहाने जन्मात कधी वैद्यकीय दावा केला नाही, त्याने आता आपला सेवादाता क्रमांक घ्यायचा, पात्रता तपासायची, औषधाचे बिल लावायचे.

आणि इथे कारागृहाची स्वतःची वही आडवी येते. कारागृहाच्या संगणकात माणूस अटकेच्या क्रमांकाने ओळखला जातो, मेडिकेडमध्ये वेगळ्या क्रमांकाने. अटकेच्या वेळी त्याने सांगितलेले नाव खरे असेलच असे नाही, जन्मतारीखही नाही. शिवाय कारागृहातले बरेचसे लोक अजून दोषी ठरलेलेच नसतात. उद्या जामीन झाला तर उद्याच सुटतील. सुटकेच्या आधीचे ९० दिवस मोजायचे कुठून, जेव्हा सुटकेची तारीखच न्यायाधीशाच्या मनात आहे? ज्यांनी नियम लिहिले त्यांना याची जाणीव आहे, पण छोट्या जिल्ह्याच्या शेरीफकडे या कामाला माणूस नाही, आणि कंत्राटदार दारात उभा राहून म्हणतो आहे, की चिंता नको, आम्ही सगळे करून देतो, प्रणालीही आमचीच.

हाच तो क्षण आहे, आणि इथे चुकले तर पुढची वीस वर्षे चुकलेलेच राहील अशी मला भीती वाटते. लहान जिल्ह्यांची अडचण मी हलकी मानत नाही. अमेरिकेत तीन हजारांच्या आसपास स्थानिक कारागृहे आहेत आणि त्यांतल्या कित्येकांत रात्री परिचारिकाही नसते. त्यांना स्वतःचे बिलिंग खाते उभारा असे सांगणे हास्यास्पद ठरेल. पण मधला मार्ग आहे. राज्याने एक सामाईक प्रणाली उभारावी, जिल्ह्यांनी तीत सामील व्हावे, कंत्राटदाराला तीत लिहिण्याची परवानगी असावी आणि करार संपला की त्याने रिकाम्या हाताने बाहेर पडावे. ॲरिझोनात २०१२ नंतर वेक्सफर्ड, कोरायझन, सेंच्युरियन आणि नॅफकेअर असे चार कंत्राटदार एकामागून एक आले, प्रत्येक वेळी नवी माणसे, नव्या पद्धती. कैद्याचा मधुमेह मात्र तोच.

त्याच ॲरिझोनात नोंद सरकारच्या, किंबहुना न्यायालयाच्या नजरेखाली असली की काय होते हेही दिसले. कैद्यांच्या खटल्यातल्या तडजोडीनुसार अमुक दिवसांत तपासणी, अमुक दिवसांत तज्ज्ञ अशी मोजपट्टी ठरली होती आणि महिन्यागणिक पालन मोजले जाई. जून २०१८ मध्ये न्यायालयाने तीन महिन्यांतली १,४४५ उल्लंघने मोजली आणि दर उल्लंघनाला एक हजार डॉलर या हिशेबाने राज्याला सुमारे १४ लाख ४५ हजारांचा दंड केला. दंडाने सगळे सुधारले असे मुळीच नाही. २०२२ मध्ये न्यायाधीश रोझलिन सिल्व्हर यांना पुन्हा घटनाभंगाचाच निष्कर्ष काढावा लागला. पण निदान तिथे वाद ‘झाले की नाही’ यावर अडकला नाही.

राज्ये आता नव्या निविदा काढतील तेव्हा तांत्रिक परिशिष्टाच्या कुठल्यातरी मागच्या पानावर माहितीच्या मालकीचे एक कलम असेल. बहुतेकांचे लक्ष दरडोई दराच्या पानावर असते, तसेच राहील. माझ्या त्या जुन्या खात्यात रुग्णालयाला हवी होती ती एकच ओळ होती: अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक आदेशाने हा माणूस कोठडीतून मोकळा झाला. ती ओळ शेरीफच्या संगणकात होती, कंपनीच्या संगणकात तिची नक्कल होती, आणि मेडिकेअरच्या संगणकात ती सात आठवड्यांत पोहोचली नव्हती.